निम्म्याहून कमी किमतीत मिळणारी पॅराग्लायडिंगची सी विंग घ्यावी का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सोलापूरचे एक वाचक, वय ३९. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना चालवतात. दोन वर्षांपूर्वी कामशेतला पॅराग्लायडिंग शिकले. आतापर्यंत ६४ उड्डाणं, २६ तास, सगळं शाळेच्या ईएन-ए विंगवर (विंग म्हणजे डोक्यावरचा कापडी पंख, ए हा त्यातला सगळ्यात मवाळ वर्ग). पावसाळा सोडून महिन्यातून एकदा, म्हणजे वर्षाला सात-आठ खेपा होतात. ग्रुपमधला एक मित्र त्याची ईएन-सी विंग ९० हजारांत द्यायला तयार आहे. ती पाच वर्षं जुनी आणि अंदाजे १८० तास उडालेली असून लेबलवर वजनाची मर्यादा ८५ ते १०५ किलो आहे. नवी ए किंवा बी घ्यायची तर अडीच लाखांच्या पुढे जावं लागतं. यांचं वजन ६८ किलो. ते लिहितात, "मी स्वभावानं शांत आहे, घाबरत नाही, वीस वर्षं बुलेट चालवतोय. थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) सगळे वर जातात आणि ए विंगवर मी एकटा खाली राहतो. दोनदा पैसे कशाला घालवायचे? एकदाच चांगली घेतो, हळूहळू सरावेन. कापडाचं म्हणाल तर ते मला हात लावून कळतं." पत्नीचं म्हणणं एवढंच, की जुनी नको.

उत्तर:

तुमच्या पत्रात आकडे बरेच आहेत. त्यातला मी आधी खेपांचा उचलतो. वर्षाला सात-आठ खेपा म्हणजे दोन उड्डाणांच्या दिवसांमध्ये चार-पाच आठवडे जातात, आणि जून ते सप्टेंबर तर काहीच नाही. ऑक्टोबरातला तुमचा पहिला दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुणे, तिथून लोणावळा लोकलनं कामशेत, झोप अर्धवट झालेली. टेक-ऑफवर पोहोचेपर्यंत दुपार, वारा चढायला लागलेला, आणि हातांनी चार महिने ब्रेक (विंगची मागची कड खाली ओढणाऱ्या दोऱ्या) धरलेले नाहीत. विंग या माणसासाठी घ्यायची आहे. फेब्रुवारीत सलग तीन दिवस उडून हात मोकळे झालेला जो माणूस असतो तोही तुम्हीच, पण त्याला कुठलीही विंग चालते.

ए, बी, सी म्हणजे नेमकं काय

ही अक्षरं पायलटच्या दर्जाची नाहीत, हे आधी स्पष्ट करू. युरोपीय मानक ईएन ९२६ नुसार चाचणी पायलट शांत हवेत विंग मुद्दाम बिघडवतो: एक बाजू ७५ टक्क्यांपर्यंत दुमडतो, पुढची कड आत पाडतो, स्टॉल (विंग उडायची थांबून पडणं) आणि स्पिनच्या (एकच बाजू उडायची थांबून गरगरणं) काठावर नेतो. मग ती आपोआप किती लवकर सावरते, सावरेपर्यंत किती वळते, किती झेपावते हे मोजतात. प्रत्येक चाचणीला एक अक्षर मिळतं आणि त्यातलं सगळ्यात वाईट अक्षर विंगच्या लेबलवर येतं. मोठ्या एकतर्फी कोलॅप्सनंतर (एक बाजू दुमडल्यावर) ए विंग पुन्हा फुगेपर्यंत सहसा ९० अंशांपेक्षा कमी वळते. सीला ३६० अंशांपर्यंत मुभा आहे.

हा फरक कामशेतच्या डोंगरावर कसा दिसेल? तुम्ही धारेला लागून सोअरिंग करताय (डोंगरामुळे वर चढणाऱ्या वाऱ्यावर तरंगताय), डोंगर डावीकडे ४० मीटरवर. डावं टोक दुमडतं आणि विंग दुमडलेल्या बाजूला वळते, म्हणजे डोंगराकडे. ए विंगवर तुम्ही उजवीकडे वजन टाकता, उजवा ब्रेक थोडा ओढता, दिशा धरता, आणि बहुतेक वेळा तुम्ही डावा ब्रेक पंप करायच्या आतच टोक उघडलेलं असतं. सीवर हेच सगळं करायचं, पण आधी आणि मोजून. एक सेकंद उशीर झाला तर नाक डोंगराकडे. घाबरून उजवा ब्रेक जास्त ओढला तर उघडी राहिलेली बाजूही स्टॉल.

ब्रेक जास्त ओढणं ही इथली खरी भानगड. ८० ते १०० किलोच्या गटात ए आणि बी विंगला स्टॉल होईपर्यंत ब्रेक ६० सेंटिमीटरहून जास्त ओढला जायला हवा. सीमध्ये ४५ ते ६० चालतो. तुमच्या हाताला २६ तासांत जी लांबी पाठ झाली आहे ती ए विंगची. डोकं 'नवी विंग आहे, जपून' म्हणत असतं, पण दचकलेला हात पाठ झालेलीच लांबी ओढतो.

दुसरी गोष्ट आकाराची. ए विंगचा आस्पेक्ट रेशो (लांबी-रुंदीचं गुणोत्तर) साधारण ५ च्या आसपास, सीचा ६ किंवा त्याहून जास्त. लांब-अरुंद विंगचं टोक तुमच्यापासून दूर असतं, सैल पडलं तर लाइन्समध्ये (दोऱ्यांमध्ये) अडकून बसायची शक्यता जास्त, आणि अडकलेलं टोक सोडवणं हे २६ तासांच्या अनुभवाचं काम नव्हे. विंगच्या जाहिरातीत हे नसतं, ग्लाइडचा (ठरावीक उंचीवरून किती लांब जाते याचा) आकडा असतो.

चाचणी शांत हवेत होते म्हणून एक गोष्ट लेबलवर कधीच येत नाही: तासभर खवळलेल्या हवेत ती विंग तुमच्याकडून किती काम करून घेते. म्हणून एकाच बी वर्गात दोन टोकांच्या विंग्ज सापडतात, आणि पायलट त्यांना 'लो बी', 'हाय बी' म्हणतात. मानकात ही नावं नाहीत. विकणाऱ्याला विचारताना मात्र हाच प्रश्न विचारायचा.

"मी घाबरत नाही"

यावर थोडं थांबू, कारण तुमचा सगळा हिशेब या वाक्यावर उभा आहे.

न घाबरणारा माणूस आणि शांत हातांचा माणूस, हे दोन वेगळे लोक असू शकतात. बुलेटचा वीस वर्षांचा सराव इथं उपयोगी पडतो त्याहून आडवा जास्त येतो. मोटरसायकलवर काही विपरीत दिसलं की थ्रॉटल सोडायचा, ब्रेक दाबायचा, आणि गाडी थांबते. विंगला थांबणं नाही. तिला वेग नसला तर ती विंगच राहत नाही. दचकून दोन्ही ब्रेक छातीपाशी ओढून धरणं, म्हणजे बुलेटवर तुम्हाला वाचवणारी क्रिया, हवेत स्टॉलला आमंत्रण आहे. विंग मागे पडली असेल तर हात वर सोडायचे असतात, पुढे झेपावली तरच ओढायचे असतात. हे डोक्याला सांगून होत नाही, हातानं शिकावं लागतं.

स्वभावाबद्दल विचारायचंच असेल तर धैर्य किती हे न विचारता हात कसे हे विचारा. काहींचे हात सतत चालू असतात, प्रत्येक छोट्या हिसक्याला उत्तर देतात. अशा माणसाला बारीकसारीक सगळं सांगणारी चपळ विंग दिली की तो तिला आणखीनच हलवत सुटतो आणि तासाभरात थकतो. त्याला जरा मंद, जड ब्रेकची विंग शांत करते. काहींचे हात झोपाळू असतात. त्यांना तीच मंद विंग काहीच सांगत नाही, आणि कोलॅप्स झाल्यावरच कळतं. त्यांना थोडी बोलकी विंग बरी, पण ए किंवा लो बीमधलीच बोलकी. म्हणजे धीट माणसाला तेज विंग आणि भित्र्याला मवाळ, हा हिशेब मुळातच चुकीचा आहे.

तुम्ही कुठले, हे पुढच्या खेपेला तपासता येईल. प्रशिक्षकाला किंवा सोबत्याला सांगून खालून फक्त तुमच्या हातांचं दहा मिनिटं चित्रीकरण करून घ्या, शक्यतो दुपारच्या हवेत. मग लॉगबुक काढा आणि शेवटच्या दहा उड्डाणांबद्दल स्वतःला विचारा: हिसका बसला तेव्हा ब्रेक कुठल्या उंचीवर होते, हे आठवतंय का? नसेल आठवत तर ते लक्षात घेण्याइतकी जागा डोक्यात शिल्लक नव्हती. टेक-ऑफवर पोहोचून, विंग पसरून, "आज नको" म्हणून घडी घातली असं किती वेळा झालं? ६४ उड्डाणांत एकदाही नसेल तर मला तुमच्या निर्भयतेचीच काळजी वाटेल. लँडिंग ठरवल्या जागी किती वेळा? दहापैकी आठ तरी ३० मीटरच्या वर्तुळात हवीत. वेगवान, जास्त ग्लाइडची विंग लहान शेतात उतरवणं आणखी अवघड असतं. ती जमिनीजवळ तरंगत राहते आणि बांध जवळ येत जातो.

खाली राहण्याचं कारण विंग आहे का?

थोडी आहे, पण तुम्हाला वाटतं तेवढी नाही. कमीत कमी सिंकमध्ये (खाली येण्याच्या वेगात) ए आणि सी यांच्यात फरक सेकंदाला दहा-पंधरा सेंटिमीटरचा. सेकंदाला दीड-दोन मीटर वर नेणाऱ्या थर्मलमध्ये तो जाणवतही नाही. सरळ ग्लाइड करताना फरक पडतो: ३०० मीटर उंचीवरून ए विंग शांत हवेत अडीच किलोमीटरच्या आसपास जाईल, सी तीनच्या आसपास. तुम्ही अजून एका थर्मलमधून दुसऱ्याकडे जाण्यावर आलेला नाहीत, पहिल्यातच टिकत नाही आहात. हा वळणाचा प्रश्न आहे.

आकडे बघा. ताशी ३८ किलोमीटरच्या विंगला १५ अंश तिरकं करून वळवलं तर वर्तुळाची त्रिज्या ४५ मीटरच्या आसपास येते, एक फेरा २५ सेकंदांहून जास्त. ३० अंश तिरकं केलं तर त्रिज्या निम्मी, २०-२५ मीटर, आणि फेरा १२-१३ सेकंदांत. कामशेतच्या छोट्या थर्मलचा गाभा बऱ्याचदा एवढाच असतो. चपटी वळणं घेणारा माणूस प्रत्येक फेऱ्यात अर्धा वेळ गाभ्याच्या बाहेर, खाली जाणाऱ्या हवेत असतो. बाकीचे वर जातात कारण ते तिरके होतात. आधी वजन आतल्या बाजूला, मग आतला ब्रेक, मग बाहेरच्या ब्रेकनं तिरकेपणा आवरायचा. व्हेरिओ (वर चढताय की खाली येताय हे सांगणारं यंत्र) वाजला की लगेच वळू नका. दोन-तीन सेकंद आत जाऊ द्या. आपल्या विंगवर हे एका मोसमात जमतं, ए असली तरी. सी घेऊन चपटी वळणं घेतलीत तर मित्रांच्या खालीच राहाल, ९० हजार खर्चून.

वजनाचा ताळा

लेबलवरचं ८५ ते १०५ हे हवेतलं एकूण वजन असतं, विंगसकट. तुमचं मांडू. कपडे-बुटांसह तुम्ही ७०.५ किलो. विंग ५. पाठीच्या संरक्षकासह हार्नेस (बसायची खोगीरासारखी बैठक) ४.५. रिझर्व्ह (आणीबाणीचं पॅराशूट) १.७. हेल्मेट अर्धा किलो. व्हेरिओ, वॉकी-टॉकी, फोन मिळून ०.८. पाणी दोन लिटर. बॅग एक किलो. एकूण ८६. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा धरलेला नाही.

म्हणजे त्या विंगच्या खालच्या मर्यादेपेक्षा एक किलो वर. पाण्याची बाटली खाली विसरलात तर ८४, म्हणजे मर्यादेच्या बाहेर, जिथं कुणी चाचणीच केलेली नाही. विंगचा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ९५ किलोला ३८ च्या वेगानं उडणारी विंग ८६ ला ३६ च्या आसपास उडेल. दोन किलोमीटर कमी ऐकायला काही नाही, पण मार्च ते मे दुपारी पश्चिमेचा वारा चढतो तेव्हा डोंगराच्या पुढे सरकणं आणि मागे ढकललं जाणं यातला फरक नेमका तेवढाच असतो. शिवाय कमी वजनाखाली विंग मऊ राहते, लवकर दुमडते. जास्त वजनाखाली ती ताठ राहते, पण दुमडली की फेकते जोरात. म्हणून नवशिक्यानं मर्यादेच्या मध्यापासून वरच्या तिसऱ्या भागापर्यंत बसावं. तुमच्या ८६ ला ७५ ते ९५ ची विंग बरोबर येते. उत्पादकांचे आकार थोडे मागेपुढे असतात. किराणा दुकानातल्या काट्यावर सगळं सामान अंगावर घालून उभे राहा आणि मगच आकार ठरवा. मनातल्या मनात मांडलेलं वजन हमखास तीन-चार किलो कमी निघतं.

कापड हाताला कळतं, दोऱ्यांचं काय?

तुमचा हात मी कमी लेखत नाही. ताणा-बाणा, वीण, वजन, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण तुमच्या टॉवेलचं वजन चौरस मीटरला ४०० ग्रॅमच्या पुढं असेल, आणि विंगचं रिपस्टॉप नायलॉन २७ ते ४० ग्रॅमचं असतं. त्यात हवा अडते ती विणीमुळे थोडी आणि वर दिलेल्या पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉनच्या लेपामुळे जास्त. ऊन आणि घर्षण आधी लेप खातात. धागा शाबूत असतो, वीण सुरेख दिसते, आणि हवा आरपार जात असते. नव्या कापडाची करकर जाणं ही खूण असते, पण काही कापडं मुळातच मऊ येतात. म्हणून पोरोसिटी मीटर लावतात: ठरावीक हवा कापडातून जायला किती सेकंद लागतात. नव्यात शेकडो, मरत आलेल्यात मोजके. मोजायचं ते वरच्या पृष्ठभागावर, मधल्या सेल्सवर (कापडाच्या कप्प्यांवर), पुढच्या कडेच्या लगेच मागे. तिथलंच कापड सगळ्यात आधी जातं. विकणारा टोकाजवळ फुंकर मारून दाखवेल.

मला जास्त भीती दोऱ्यांची. डायनिमाच्या लाइन्स वापरानं आखडतात, त्यातही ज्यांच्यावर भार कमी त्या जास्त, म्हणजे मागच्या ओळीतल्या. पुढच्या ए लाइन्सवर भार जास्त, त्या ताणून तशाच राहतात किंवा किंचित वाढतात. परिणाम असा, की कोणीही हात न लावता विंग थोडा ब्रेक ओढल्यासारखी होते: हळू, मागे रेललेली, आणि पॅराशूटल स्टॉलच्या (पुढे न जाता सरळ खाली बसत जाण्याच्या) जवळ. अरामिडच्या लाइन्स आखडत नाहीत, पण पुन्हा पुन्हा वाकल्यानं आतून तुटत जातात, बाहेरून कळत नाही. सी विंगच्या वरच्या लाइन्स बऱ्याचदा बिनआवरणाच्या आणि मिलिमीटरहून बारीक. पाच वर्षांत १८० तास म्हणजे लाइन्सचा संच बदलायच्या बेतात आला असणार. आणि 'अंदाजे १८०' म्हणजे लॉगबुक नाही. जमिनीवरचे तास तर कुणी धरतच नाही, ऊन मात्र तितकंच लागतं.

जुनी विंग, कुठलीही, बघायला जाल तेव्हा असं करा. मधल्या सेलमधलं लेबल वाचा: उत्पादनाचा महिना, आकार, वर्ग, तपासणीच्या नोंदी. बहुतेक उत्पादक दोन वर्षांनी किंवा १०० ते १५० तासांनी तपासणी सांगतात. सगळ्या लाइन्सची मापं, मजबुती आणि पोरोसिटी असलेला कागद मागा. नसेल तर किमतीतून तपासणीचा खर्च वजा करा आणि अहवाल आल्याशिवाय पैसे देऊ नका. दोन्ही राइझर (लाइन्स एकत्र येतात ते पट्टे) एका खिळ्याला अडकवून डाव्या-उजव्या जोडीच्या लाइन्स सारख्या ताणाखाली, साधारण पाच किलो, शेजारी धरा. सेंटिमीटरचा फरक दिसला तर प्रश्न विचारा. लाइन कापडाला जिथं जोडलेली असते ते टाके आणि खाली माइलॉनजवळचं (लाइन्स राइझरला जोडणाऱ्या धातूच्या कडीजवळचं) आवरण बोटानं चाचपा. इथं तुमचा हात कामाचा आहे. पुढच्या कडेतल्या प्लॅस्टिकच्या काड्या वाकून बसलेल्या नाहीत ना, हेही. मग १०-१२ किलोमीटरच्या वाऱ्यात विंग उभी करा. सरळ, झटक्यात डोक्यावर यायला हवी. मध्येच रेंगाळून मागे लटकत असेल तर मागच्या लाइन्स आखडल्या आहेत, पुढे काही बघायची गरज नाही.

तुमच्या पत्नीचं 'जुनी नको' अर्धं बरोबर आहे. तपासलेली, ६० तासांची, तुमच्या वजनाची तीन वर्षांची ए विंग मी त्यांनाही चालेल असं म्हणेन. त्यांना आधी त्या तपासणीचा कागद दाखवा.

मग घ्यायची कोणती?

तुमच्या जागी मी ए वर्गातली वरची किंवा शांत लो बी, ७५ ते ९५ ची, दोन-तीन मोसम उडवण्यासाठी सुचवेन. त्या दोनांतली कुठली हे चित्रीकरण ठरवेल. हात धडपडे निघाले तर ए, झोपाळू निघाले तर जरा बोलकी लो बी. शक्य असेल तर पैसे देण्याआधी दोन्ही एकेक दिवस उडवून बघा, सकाळच्या शांत हवेत नाही, अकरानंतर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली. विंग टेक-ऑफला तुमच्या पुढे धावते का, वळण सुरू करायला कुठं ब्रेक ओढावा लागतो, तासाभरानं तुम्ही थकलेले असता की ताजे, एवढं टिपा. तिसरी नोंद सगळ्यात महत्त्वाची.

सी विचारात घ्यायला साधारण २०० तास, वर्षाला ५० च्या आसपास सातत्य, पाण्यावर लाइफ जॅकेट आणि बोटीच्या सोबतीनं केलेला एसआयव्ही कोर्स (विंग मुद्दाम बिघडवून सावरायला शिकवणारा), आणि मध्ये एक हाय बी, असा क्रम जाणकार धरतात. तुमच्या सध्याच्या वेगानं तिथं पोहोचायला बरीच वर्षं आहेत. यात कमीपणा नाही. सोलापूरहून कामशेत ३०० किलोमीटर आहे, एवढाच त्याचा अर्थ.

'दोनदा पैसे' या हिशेबाचंही बघू. ९० हजारांच्या विंगला तपासणी आणि लाइन्सचा नवा संच जोडा, आणि दोन वर्षांनी तिला गिऱ्हाईक मिळणार नाही हे धरा. नवी ए किंवा लो बी तीन मोसमांनी, नोंदी नीट ठेवल्या तर, चांगल्या भावात जाते, कारण नवशिके दरवर्षी येतात. आणि आता काहीच न घेणं हाही पर्याय आहे: आणखी एक मोसम शाळेची विंग भाड्यानं, आणि हातातले पैसे रिझर्व्ह आणि हार्नेसमध्ये. पत्रात तुम्ही या दोहोंचा उल्लेखच केलेला नाही. ते नसतील तर आधी तेच घ्या. रिझर्व्ह एकूण वजनाला जागा ठेवून, तुमच्यासाठी साधारण १०० किलोपर्यंतचा, ईएन १२४९१ चा, म्हणजे खाली येण्याचा वेग सेकंदाला ५.५ मीटरच्या आत. वर्षातून एकदा उघडून पुन्हा घडी घालून घ्यायचा. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात एक सांगतो: विंग किंवा रिझर्व्ह गाडीच्या डिकीत ठेवून मेमध्ये कारखान्यासमोर दिवसभर उभी करू नका. आणि मळली म्हणून विंग धुवायची नाही. तुमच्याकडे डाईंगची सोय असेल, तरीही नाही. साधं पाणी, ओला फडका, सावलीत वाळवणं.

सोलापुरात करता येण्याजोगं

खेपा वाढवता येत नसतील तर तास जमिनीवर वाढवा. आठवड्यातून दोन सकाळी ४५ मिनिटं ग्राउंड हँडलिंग (जमिनीवर उभं राहून विंग वाऱ्यात सांभाळणं) केलंत तर ऑक्टोबरातला तो पहिला दिवस पुष्कळ बदलेल. त्यासाठी शाळेची निवृत्त झालेली ए विंग मिळते का बघा. तिच्यावर मार्करनं मोठ्या अक्षरांत 'फक्त जमिनीवर' लिहा, म्हणजे दोन वर्षांनी मोह होणार नाही. नव्या विंगला हे ऊन आणि धूळ दाखवू नका.

जागा शोधताना ज्वारी काढलेलं रान टाळा. सपाट दिसतं, पण सडं विंगला भोसकतात. बाभळीखालची आणि सराट्यांची जागा तर नकोच. गावाबाहेरचं गवताळ गायरान किंवा मोठं मैदान बरं, वाऱ्याच्या दिशेला किमान १०० मीटर तारा-झाडं नसलेलं, आणि मालकाला किंवा ग्रामपंचायतीला विचारून. नान्नजचा माळ कितीही खुणावला तरी माळढोक अभयारण्यात पाऊल टाकू नका, आणि होटगी रोडच्या विमानतळापासून लांब राहा. वारा १० ते १५ किलोमीटर, एकसारखा. हेल्मेट, हातमोजे, हार्नेस पूर्ण बांधलेला. मार्च ते मे नऊ-साडेनऊला आवरतं घ्या. त्यानंतर काळ्या रानावर वावटळी उठतात, आणि उभी विंग वावटळीत सापडली तर माणसाला उचलते. लांबून धूळ फिरताना दिसली की क्षणाचाही विचार न करता मागचे राइझर ओढून विंग खाली पाडायची आणि तिच्यावर पडायचं.

सराव असा: रिव्हर्सनं (विंगकडे तोंड करून) विंग वर, मग वळून दोन मिनिटं वर न बघता डोक्यावर धरायची. ती कुठं सरकते हे ब्रेकमधल्या ताणावरून आणि हार्नेसवरून ओळखायचं. जमलं की जमिनीवर दोन दगड ठेवा, २० मीटर अंतरानं, आणि विंग खाली न पाडता एकापासून दुसऱ्यापर्यंत आडवं चालत जा. सुरुवातीला दहा पावलं जमतील. न बघता सलग दहा मिनिटं विंग डोक्यावर राहायला लागली की समजा, हवेत टोक हलकं पडल्याचं तुमच्या हाताला तुमच्या आधी कळेल.

राहता राहिला मित्र. त्याला नाही कसं म्हणायचं, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण अडचण तीही असावी. वजनाचं कारण सांगा. ते खरं आहे आणि त्यात त्याच्या विंगचा किंवा तुमच्या धैर्याचा प्रश्न येत नाही. तो म्हणेल, "पाच लिटर पाणी बॅलास्ट घे, ९१ होतील." होतील. त्यावर त्याच्यासमोर काट्यावर उभं राहून दाखवा आणि विचारा, की ९१ किलोवर ब्रेकचा प्रवास किती सेंटिमीटर होतो.